नकाशावरचा खांब

धुळ्याहून जळगावला येताना पारोळ्याच्या पुढे, महामार्गालगतच्या एका हॉटेलाच्या आवारात चार्जिंग स्टेशन आहे, असं मी जगाला सांगून ठेवलं होतं. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा नकाशा आहे, कोणीही भर घालावी आणि कोणीही फुकट वापरावा असा. त्यावर मी तो बिंदू टाकला होता. एसटीच्या खिडकीतून खांब दिसला, खांबावर विजेचं चिन्ह दिसलं, घरी आल्यावर मोबाइलवर दोन मिनिटांचं काम.

काही महिन्यांनी मामांनी इलेक्ट्रिक कार घेतली. सुरतेहून येताना धुळ्यात चार्जिंगला रांग होती, म्हणून ते थांबले नाहीत. "पुढे एक आहे, भाच्यानेच टाकलंय नकाशावर," असं मामीला सांगून निघाले. रात्री साडेनऊला फोन आला. खांब होता, पण त्याला वीज जोडलेलीच नव्हती. हॉटेलवाला म्हणाला, "तठे काईच नही भाऊ, नुसता खांब शे." बॅटरी ९ टक्के. शेवटी त्या भल्या माणसाने स्वयंपाकघरातला १५ अँपिअरचा सॉकेट वापरू दिला. मामा-मामी पहाटेपर्यंत बाहेर खाटेवर बसून राहिले.

मामा रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "तू स्वतः पाहिलं होतंस ना रे?"

तो प्रश्न डोक्यातून जाईना. आपल्या मुलखाचा नकाशा आजवर कोणी काढला आणि कोणासाठी, हे मी त्यानंतर शोधायला लागलो.

१८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज कारभार पाहायला आला आणि त्याने धुळ्याला मुख्य ठाणं केलं. पुढे जमिनीची मोजणी आली. मोजणीची साखळी ३३ फुटांची. लांबी एक साखळी, रुंदी एक साखळी, की झाला एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. आज जळगावात प्लॉटवाला गुंठ्याचा भाव सांगतो, तेव्हा तो त्या साखळीचंच माप बोलत असतो.

ही मोजणी खान्देशाने मुकाट्याने घेतली नाही. १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल या भागात तिच्याविरुद्ध लोक उठले. शेतात साखळी शिरली की तिच्यामागून सारा येतो, ही त्यांची धास्ती होती. सरकारने फौज आणून उठाव मोडला आणि मोजणी पुढे चालू ठेवली. एरंडोल आजही धुळे-जळगाव रस्त्यावरच आहे. मामांची गाडी पहाटे तिथूनच गेली.

त्या लोकांना अडाणी म्हणणं सोपं आहे. पण नकाशा काढणारा दुसरा, वापरणारा दुसरा आणि पैसे भरणारे आपण, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

इंग्रज गेले, तरी नकाशा बराच काळ सरकारी कपाटातच राहिला. २०१६ मध्ये तर केंद्र सरकारने एका विधेयकाचा मसुदा आणला होता. नकाशाची माहिती परवानगीशिवाय गोळा केली, तर १०० कोटी रुपयांपर्यंत दंड आणि तुरुंगवास अशी तरतूद त्यात होती. तो कायदा झाला नाही. उलट १५ फेब्रुवारी २०२१ रोजी नवे नियम आले आणि भारतीयांना नकाशाची बहुतेक माहिती गोळा करायला आधी परवानगी घेण्याची गरज उरली नाही.

ओपनस्ट्रीटमॅपचा जन्म २००४ चा. ब्रिटनमध्ये सरकारी नकाशाची माहिती महाग होती, म्हणून स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणाने लोकांनीच नकाशा काढायचा खटाटोप सुरू केला. ज्यांच्या साखळीने आपली शेतं मोजली, त्यांच्याच देशातल्या लोकांना स्वतःचा नकाशा हातात हवा होता. हे वाचून मला गंमत वाटली.

आता चार्जिंगकडे येऊ. २०१८ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. चार्जिंग स्टेशन चालवायला वीज विकण्याचा परवाना लागत नाही. आणि महामार्गावर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला एक स्टेशन असावं. धुळे ते जळगाव साधारण ९० किलोमीटर. मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी अशी गावं ओळीने आहेतच. कागदावर गणित छान सुटतं.

रस्त्यावर मात्र प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं. एकात दिसतं ते दुसऱ्यात नाही. पेट्रोल पंप लांबून दिसतो, तिथे माणूस उभा असतो. चार्जर एखाद्या हॉटेलामागे एकटा उभा असतो आणि तो चालू आहे की बंद, हे जवळ गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून सगळ्यांचे चार्जर एकाच जागी दाखवणारा खुला नकाशा लागतो. त्यात नुसता बिंदू टाकून भागत नाही. सॉकेट कोणता, टाइप २ की सीसीएस २. एका वेळी किती गाड्या लागतात. रात्री फाटक उघडं असतं का. आणि शेवटचं कोणी, कधी तपासलं, हे सगळं लिहायला तिथे जागा असते. मी यातलं काहीच भरलं नव्हतं.

इथे मला राजवाडे आठवले. धुळ्याचा माणूस इतिहास म्हटलं की राजवाड्यांवर येतोच. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या घरातली जुनी दप्तरं गोळा करायचे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे २२ खंड त्यातूनच उभे राहिले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यातच वारले आणि १९२७ मध्ये तिथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ सुरू झालं. बखरीवर विसंबू नका, अस्सल कागद पाहा, हा त्यांचा आग्रह. बखर म्हणजे मागाहून, बऱ्याचदा ऐकीव गोष्टींवर लिहिलेली. पत्र म्हणजे त्या दिवशी, त्या जागी लिहिलेलं.

एसटीच्या खिडकीतून टाकलेला माझा बिंदू म्हणजे बखर होती.

१८५२ मध्ये नकाशा चुकला असता, तर दोष साहेबाला देता आला असता. आता नकाशा आपला आहे, त्यामुळे चूकही आपलीच. आणि या नकाशात चूक लपत नाही. प्रत्येक बिंदूचा इतिहास साठवलेला असतो: कोणी टाकला, कधी टाकला, नंतर कोणी काय बदललं. बिंदू पुसला, तरी त्याची जुनी नोंद राहते. माझ्या खांबाची पहिली आवृत्ती माझ्या नावावर आहे आणि ती तशीच राहणार.

एका रविवारी मित्राच्या मोटारसायकलवर आम्ही धुळ्यापासून जळगावपर्यंत आलो. जिथे चार्जर असल्याचं ऐकलं होतं, तिथे उतरलो. सॉकेट पाहिले, राखणदाराशी बोललो, वेळा विचारल्या. दुसऱ्या कुठल्या ॲपवरून काही उतरवून घेतलं नाही. तशी नक्कल या नकाशात चालतही नाही. एका ठिकाणी कुत्रं मागे लागलं. एका ठिकाणी राखणदाराने चहा पाजला आणि म्हणाला, "रातला कुलूप लावतो, ते बी लिहा." तेही लिहिलं.

पारोळ्यापुढचा खांब अजून तसाच होता. वर कबुतर बसलेलं. मी त्याची नोंद 'बंद' अशी केली, खाली कारण लिहिलं आणि तारीख टाकली. आवृत्ती दुसरी.

परवा मामांचा फोन आला. पुन्हा सुरतेला निघाले होते.

"धुळ्याच्या अलीकडे एक दिसतंय नकाशावर. पाहिलंस?"

"पाहिलं मामा. गेल्या रविवारी, सकाळी ११ वाजता. एक गाडी लागलेली होती."

"मग जातो," म्हणाले आणि फोन ठेवला.