‘संकेत’ आणि ‘स्थळ’ : डोमेन-नावांच्या इतिहासातील दोन वियोग व देवनागरीचा प्रश्न

‘वेबसाइट’ ह्या इंग्रजी शब्दाला मराठीत ‘संकेतस्थळ’ हा प्रतिशब्द आता चांगला रुळला आहे. संस्कृत साहित्याच्या अभ्यासकास हा शब्द प्रथम ऐकताना किंचित हसू येते. कारण साहित्यशास्त्राच्या परंपरेत संकेतस्थान म्हणजे प्रेमिकांनी भेटण्याचे ठरविलेले ठिकाण. परंतु त्याच ‘संकेत’ शब्दाला न्याय आणि व्याकरण ह्या शास्त्रांत दुसरा, अधिक गंभीर अर्थ आहे. अमुक शब्दाने अमुक अर्थाचा बोध व्हावा हा जो ठराव, तो संकेत. प्राचीन नैयायिकांनी हा ठराव ईश्वरेच्छेवर सोपविला. मीमांसकांनी शब्दार्थसंबंध नित्य मानून ठरावाचा प्रश्नच नाकारिला. संगणकांच्या जाळ्यातील नावांच्या बाबतीत मात्र हा ठराव कोणी, केव्हा आणि कोणत्या नियमाने केला, हे तारीखवार सांगता येते. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकास हा विषय महत्त्वाचा वाटावा तो ह्याच कारणाने.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : ‘संकेतस्थळ’ ह्या एका शब्दात जोडलेल्या दोन गोष्टी, म्हणजे नाव आणि जागा, इतिहासाच्या ओघात दोन टप्प्यांनी एकमेकींपासून विलग झाल्या. ज्या संस्थांनी हा वियोग ओळखला त्यांचे लेखन टिकण्याची सोय झाली. ज्यांनी तो ओळखला नाही त्यांचे लेखन पुष्कळदा हरपले. नाव आणि जागा ह्यांचे हे नाते सुटल्यावर एक प्रश्न मात्र उरला, तो लिपीचा. त्याचा विचार शेवटी केला आहे.

१. पहिला वियोग : नाव आणि क्रमांक

अमेरिकेतील ‘आर्पानेट’ हे संगणकांचे जाळे १९६९ साली सुरू झाले. जाळ्यातील प्रत्येक यंत्राला क्रमांक असे. पण क्रमांक माणसाच्या स्मरणात राहत नाहीत, म्हणून प्रत्येक यंत्राला नावही देण्याची प्रथा लवकरच पडली. ह्या नावांची आणि क्रमांकांची एकच सामायिक यादी असे. ती कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट येथील माहिती-केंद्रात ठेविली जाई. एलिझाबेथ फाइन्लर ह्या विदुषी १९७२ पासून ह्या केंद्राचे काम पाहत होत्या. नवे यंत्र जोडावयाचे झाल्यास केंद्राला कळवावयाचे, केंद्राने यादीत नोंद करावयाची आणि इतर सर्वांनी ती यादी वेळोवेळी उतरवून घ्यावयाची, असा व्यवहार होता. गावच्या दप्तरासारखीच ही पद्धत होती. गाव लहान असेतोवर ती उत्तम चालली.

यंत्रांची संख्या वाढू लागताच तिचे दोष दिसू लागले. एकच नाव दोघांनी मागितले तर निवाडा कोणी करावयाचा? यादी रोज बदलत असता सर्वांजवळ तिची एकसारखी प्रत कशी राहावयाची? ह्या अडचणींवर पॉल मोकापेट्रिस ह्यांनी उपाय सुचविला. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूट ह्या संस्थेत काम करीत असता, जॉन पोस्टेल ह्यांच्या सहकार्याने, त्यांनी १९८३ च्या नोव्हेंबरात नव्या नामपद्धतीचे दोन मसुदे प्रसिद्ध केले. १९८७ साली त्यांची सुधारलेली रूपे आली व तीच आजच्या व्यवहाराचा पाया आहेत.

ह्या पद्धतीचे मर्म अधिकाराच्या विभागणीत आहे. नावाचे भाग बिंदूंनी वेगळे केलेले असतात व उजवीकडून डावीकडे व्यापक अधिकारातून मर्यादित अधिकाराकडे जातात. आपल्याकडे पत्त्यावर ‘मु.’, ‘पो.’, ‘ता.’, ‘जि.’ असा जो क्रम लिहितात, त्याच्याशी हा क्रम जुळतो. जिल्ह्याने तालुक्याची नोंद ठेवावी आणि तालुक्याने गावाची. गावातील घरांची यादी जिल्ह्याला ठेवावी लागू नये, हे त्यातील सूत्र. १९८४ च्या ऑक्टोबरात सर्वांत वरच्या पातळीची नावे ठरली. त्यांत ‘कॉम’, ‘एज्यु’, ‘गव्ह’, ‘मिल’ व ‘ऑर्ग’ हे वर्ग होते आणि देशांसाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार दोन रोमन अक्षरांची चिन्हे होती. ‘कॉम’ ह्या वर्गातील पहिली नोंद, ‘सिंबॉलिक्स डॉट कॉम’ ही, १५ मार्च १९८५ रोजी झाली.

अशा रीतीने नाव क्रमांकापासून सुटले. यंत्र बदलले, क्रमांक बदलला, तरी नाव तेच ठेवता येऊ लागले. ज्याच्याकडे नाव नोंदलेले असेल त्याने नोंदीतील क्रमांक बदलला की पुरे; वाचकाला काही कळविण्याचे कारण उरले नाही.

२. नोंदीचा व्यवहार आणि भारत

आरंभी ह्या नोंदी विनामूल्य होत. १९९५ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील नोंदणी करणाऱ्या कंपनीने दोन वर्षांस १०० डॉलर असे शुल्क आकारण्यास सुरुवात केली, आणि नाव ही मुदतीने घेण्याची वस्तू झाली. १९९८ साली ह्या सर्व व्यवहाराच्या देखरेखीसाठी ‘आयकॅन’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या स्थापनेनंतर थोड्याच दिवसांत, १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, पोस्टेल निवर्तले. १९९९ पासून नोंदणी करून देणाऱ्या अनेक कंपन्यांत स्पर्धा सुरू झाली.

भारताच्या वाट्यास आलेले ‘इन’ हे चिन्ह १९८९ च्या मे महिन्यात कार्यान्वित झाले. त्याची व्यवस्था प्रथम मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ह्या संस्थेकडे होती. नियम इतके कडक होते की २००४ अखेरपर्यंत ह्या चिन्हाखाली सुमारे ७००० नावेच नोंदली गेली. २००५ च्या जानेवारीपासून उदार धोरण आले आणि व्यवस्था ‘निक्सी’ ह्या संस्थेकडे गेली. विद्यापीठे व संशोधनसंस्था ह्यांची ‘एसी डॉट इन’, ‘एज्यु डॉट इन’ व ‘रेस डॉट इन’ ही क्षेत्रे ‘अर्नेट इंडिया’कडे राखीव आहेत.

नावाला कायद्याच्या दृष्टीने काय मोल आहे, हा प्रश्न भारतात मुंबई उच्च न्यायालयापुढे लवकरच आला. १९९९ साली ‘रेडिफ’ ह्या कंपनीने, रोमन लिपीत एका स्वराचाच फरक असलेले ‘रॅडिफ’ हे नाव वापरणाऱ्या प्रतिपक्षाविरुद्ध दावा लावला. डोमेन-नाव हा केवळ पत्ता नसून व्यापारचिन्हाइतकेच संरक्षण त्याला मिळावयास हवे, असा निर्णय न्यायालयाने दिला. पुढे २००४ साली ‘सत्यम इन्फोवे’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्याच दिशेचे मत दिले. अर्थभेदक ध्वनी आणि लिपिचिन्ह ह्यांतील अंतर किती असावे, हा आपल्या शास्त्रातील प्रश्न येथे न्यायासनापुढे गेला होता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

३. दुसरा वियोग : नाव आणि घर

टिम बर्नर्स-ली ह्यांनी जिनिव्हानजीकच्या ‘सर्न’ संस्थेत ‘वेब’ची रचना केली, तेव्हा पहिले संकेतस्थळ त्यांच्याच कामाच्या संगणकावर होते. ज्याचे लेखन त्याचेच यंत्र, असा तो काळ. ३० एप्रिल १९९३ रोजी ‘सर्न’ने हे तंत्र सर्वांस मुक्त केले व जगभर संकेतस्थळे उभी राहू लागली. पण प्रत्येकाजवळ अहोरात्र चालणारे यंत्र कोठून असणार? त्यामुळे दुसऱ्याच्या यंत्रावर भाड्याने जागा देण्याचा, म्हणजे होस्टिंगचा, व्यवसाय उदयास आला.

ह्या व्यवसायापुढील तांत्रिक अडचण अशी की, वाचकाचा संगणक नावावरून क्रमांक शोधी व त्या क्रमांकाशी बोलू लागे. पण मूळ नाव कोणते होते हे तो पलीकडील यंत्राला सांगतच नसे. परिणामी प्रत्येक संकेतस्थळाला वेगळा क्रमांक द्यावा लागे. १९९७ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या सुधारित संकेतावलीने प्रत्येक मागणीत नावाचा उल्लेख अनिवार्य केला. तेव्हापासून एकाच यंत्रावर, एकाच क्रमांकाखाली, शेकडो संकेतस्थळे नांदू शकतात. एकाच वाड्यात अनेक बिऱ्हाडे असावीत आणि पोस्टमनने पाकिटावरील नाव वाचून प्रत्येकाचे पत्र बिनचूक द्यावे, तसाच हा प्रकार. होस्टिंग स्वस्त झाले ते मुख्यतः ह्यामुळे. २००६ पासून ‘ॲमेझॉन’सारख्या कंपन्या यंत्राची शक्ती तासाच्या हिशेबाने देऊ लागल्या, तेव्हा घराची कल्पना आणखी विरळ झाली.

ह्या वियोगाची उलट बाजू ‘जिओसिटीज’च्या उदाहरणाने दिसते. १९९४ साली सुरू झालेल्या ह्या उपक्रमाने लक्षावधी सामान्य माणसांना फुकट जागा दिली. ती घेणाऱ्यांचा पत्ता मात्र त्या उपक्रमाच्याच नावाखाली असे. २००९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील ती सेवा बंद झाली. काही अभ्यासकांनी धावपळ करून त्यातील पुष्कळ लेखन जतन केले, परंतु मूळ पत्ते सर्व निरर्थक झाले. ज्यांचे नाव स्वतःचे होते ते दुसऱ्या घरी जाऊ शकले. ज्यांचे नाव घरमालकाचे होते ते घराबरोबरच गेले.

येथे स्वानुभव नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने बोलीतील शब्दांचा एक लहान संग्रह संकेतस्थळावर ठेविला होता. नावाची नोंद व जागा ही दोन्ही कामे एकाच कंत्राटदाराने केली व नोंद स्वतःच्याच नावे केली. पुढे त्याने व्यवसाय सोडला. नूतनीकरण झाले नाही. मुदत टळून ते नाव दुसऱ्याच कोणी घेतले. शब्दांची मूळ टिपणे घरी होती म्हणून ती वाचली, पण ज्या दोन प्रबंधांत त्या संग्रहाचा पत्ता संदर्भ म्हणून दिला होता, ते संदर्भ आज वाचकाला भलत्याच जाहिरातीकडे नेतात. जमीन आपण कसावयाची आणि सात-बारावर नाव दुसऱ्याचे असावयाचे, अशातली ही गत. दोष कंत्राटदाराचा होता तितकाच नोंद न तपासणाऱ्या लेखकाचाही होता.

४. देवनागरीचा प्रश्न

डोमेन-नावात मुळात रोमन लिपीची सव्वीस अक्षरे, दहा अंक व जोडरेषा एवढीच चिन्हे चालत. एका भागाची लांबी ६३ चिन्हांहून अधिक नसे. मराठी नावांना त्यामुळे रोमन वेष घ्यावा लागला. १९९६ साली सुरू झालेल्या ‘मायबोली’ने आपल्या रोमन नावात आरंभीचा दीर्घ ‘आ’ दाखविण्यासाठी ‘ए’ हे अक्षर दोनदा लिहिले. दुसऱ्या एखाद्याने ते एकदाच लिहिले असते. ‘ट’ व ‘त’, ‘ळ’ व ‘ल’, ‘ण’ व ‘न’ हे भेद तर त्या लिपीत पुसूनच जातात.

२००३ साली ह्यावर तोड निघाली. नागरी चिन्हांचे रोमन अक्षरांत व अंकांत यांत्रिक रूपांतर करावयाचे आणि त्याच्या आरंभी ‘एक्स’, ‘एन’ ही अक्षरे व दोन जोडरेषा ठेवावयाच्या. वाचकाला नागरी दिसावे, यंत्राला रोमन. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील ‘.भारत’ ह्या क्षेत्राचे उद्घाटन झाले. हिंदीबरोबरच मराठी, कोंकणी, नेपाळी इत्यादी आठ भाषांसाठी ते खुले झाले.

परंतु लिपी एक असली तरी भाषांच्या गरजा एक नसतात. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. हिंदीला हा भेद ठाऊक नाही. संगणकात ‘दऱ्या’ शब्द दोन प्रकारे लिहिला जातो : एक, नुक्तायुक्त ‘ऱ’ घेऊन, दुसरा, साध्या ‘र’ला हलन्त करून त्यापुढे एक अदृश्य सांधचिन्ह घालून. २००३ च्या नियमांत ते अदृश्य चिन्ह गाळले जाई. दुसऱ्या प्रकाराने लिहिलेल्या ‘दऱ्या’ तत्क्षणी ‘दर्या’ होत. दरीत उतरावयास निघालेला वाचक समुद्रात पोहोचे! २०१० च्या सुधारित नियमांनी हलन्तानंतर त्या चिन्हास मुभा दिली. पण मग डोळ्यांस एकच दिसणारी दोन भिन्न नावे संभवू लागली, आणि फसवणुकीचे दार किलकिले झाले. सर्वोच्च पातळीच्या नावांसाठी २०१९ साली देवनागरीची जी नियमावली सादर झाली, तीत हे अदृश्य चिन्ह घेतलेले नाही. ‘ॲ’चा इतिहासही असाच आहे. हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली दाखल झाले. २००३ चे नियम त्याहून जुन्या आवृत्तीवर बेतलेले असल्याने त्यांना ते ठाऊकच नव्हते.

तात्पर्य, वर्ण म्हणजे काय, अक्षर म्हणजे काय, ‘समान’ लेखन कशास म्हणावे, ह्या प्रश्नांची उत्तरे आता केवळ व्याकरणग्रंथांत ठरत नाहीत. ती नोंदवहीच्या नियमांत ठरतात. तेथे मराठीचा जाणकार उपस्थित नसेल तर मराठीचा भेद गळेल.

५. निष्कर्ष

ह्या इतिहासातून विभागांना व संशोधन-पत्रिकांना घेण्याजोगे काही निष्कर्ष निघतात. पहिला, नाव आणि जागा ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. त्या शक्यतो वेगळ्या कंपन्यांकडून घ्याव्यात, म्हणजे जागा बदलताना नाव अडकत नाही. दुसरा, नोंद संस्थेच्याच नावे असावी, व्यक्तीच्या वा कंत्राटदाराच्या नव्हे. नूतनीकरणाची सूचना ज्या टपालपेटीत येते ती एका प्राध्यापकाच्या निवृत्तीबरोबर बंद होणारी नसावी. विद्यापीठीय विभागास राखीव शैक्षणिक क्षेत्र उपलब्ध असताना त्याचाच विचार प्रथम करावा. तिसरा, जागा निवडताना भाड्यापेक्षा तेथून आपले सर्व लेखन कोणत्याही दिवशी उतरवून घेता येईल की नाही हे पाहावे, व त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी. चौथा, नागरी नाव अवश्य घ्यावे, परंतु ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ ह्यांसारखी जोडाक्षरे त्यात असल्यास त्यांचे लेखन नोंदणीपूर्वी पारखून घ्यावे आणि जोडीला रोमन नावही ठेवावे.

नैयायिकांचा संकेत ईश्वरेच्छेवर अवलंबून असल्यामुळे त्याचे नूतनीकरण करावे लागत नसे. आपला संकेत नोंदवहीवर अवलंबून आहे आणि तिची मुदत ठरलेली आहे. प्रबंधाच्या तळटिपेत दिलेला पत्ता पन्नास वर्षांनीही वाचकास इष्ट स्थळी नेईल की नाही, हे त्या मुदतीकडे लक्ष ठेवणाऱ्या माणसावर अवलंबून राहील.