तळ्याचे दुखणे तळाशी

शहरातल्या उद्यानात बहुधा एखादे जुने तळे असते. उन्हाळ्यात त्याचे पाणी हिरवे होते, वास येऊ लागतो, मेलेले मासे काठाला लागतात. तक्रारी वाढल्या की सल्लागार अभियंते नेमले जातात. काठ बांधून निघतात, कारंजी बसतात, आणि काही वर्षांत पाणी पुन्हा हिरवे होते. यात दोष अभियंत्यांचाच असतो असे नाही. त्यांना प्रश्न कोणता विचारला, यावर पुष्कळ अवलंबून असते. लंडनमधील दोन मानवनिर्मित तळ्यांचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

हाइड पार्कमधील ‘सर्पेंटाइन’ हे तळे 1730 मध्ये राजे दुसरे जॉर्ज यांची राणी कॅरोलाइन हिच्या इच्छेने करण्यात आले. वेस्टबोर्न नावाच्या छोट्या नदीवर बांध घालून तिचे पाणी अडवले गेले. त्या काळी उद्यानांतील तळी रेखीव भौमितिक आकारांची असत. हे मात्र वळणदार, निसर्गनिर्मित वाटावे असे होते. दिसायला ते निसर्गनिर्मित वाटले, तरी त्याचे काम वेगळेच होते. बांध घातला की प्रवाहाचा वेग मंदावतो आणि पाण्याबरोबर आलेली माती, पालापाचोळा, घाण तळाशी बसते. म्हणजे असे प्रत्येक तळे जन्मापासूनच गाळ साठवणारी टाकी असते.

पुढे लंडन पश्चिमेकडे वाढले आणि वेस्टबोर्नमध्ये घरांचे सांडपाणी येऊ लागले. अखेर 1834 मध्ये ती नदी तळ्यापासून तोडण्यात आली आणि बाहेरून पंपाने पाणी आणले जाऊ लागले. दुखणे संपायला हवे होते, पण तसे झाले नाही. 1860 च्या सुमारास या तळ्याच्या दुर्गंधीची चर्चा थेट पार्लमेंटात चालू होती. पाणी गाळून घ्यावे की तळाची घाण उपसावी, हा वादाचा मुद्दा होता. आलेले पाणी वाहून गेले होते, पण शंभर वर्षांचा गाळ जागच्या जागी होता.

असे का व्हावे? गाळातील सेंद्रिय पदार्थ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो. मग ऑक्सिजनवाचून जगणारे जिवाणू कामाला लागतात आणि सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. आणखी एक गोष्ट घडते. ऑक्सिजन असताना गाळातले लोह फॉस्फेटला धरून ठेवते. ऑक्सिजन संपला की ही पकड सुटते आणि फॉस्फेट पाण्यात मिसळते. शैवालाला आयतेच खत मिळते. ते माजते, मरते, तळाशी जाते, आणि चक्र पुन्हा सुरू होते. बाहेरून येणारी घाण थांबली तरी तळे स्वतःच्याच साठ्यावर आजारी राहते.

दुसरे तळे रीजंट्स पार्कमधले. 15 जानेवारी 1867 रोजी गोठलेल्या तळ्यावर लोक स्केटिंग करत असताना बर्फ फुटले. सुमारे 200 माणसे पाण्यात पडली आणि 40 जण दगावले. पाणी सुमारे 12 फूट खोल होते. नंतर तळे रिकामे करून खोली अवघी 4 फुटांवर आणली गेली. सुरक्षिततेच्या प्रश्नाला हे उत्तर योग्यच होते. मात्र उथळ पाणी लवकर तापते, ऊन तळापर्यंत पोहोचते आणि वाऱ्याने गाळ ढवळला जातो. या साऱ्या गोष्टी शैवालाच्या पथ्यावर पडतात. एका प्रश्नाचे उत्तर शोधताना दुसरा प्रश्न उभा राहू शकतो, हे सल्लागाराने आणि त्याला नेमणाऱ्यानेही जाणले पाहिजे.

गाळाचे महत्त्व निर्विवादपणे दाखवणारा प्रयोग पुढे स्वीडनमध्ये झाला. व्हेक्श्यो शहराजवळचे ट्रुमेन हे तळे नैसर्गिक, पण उथळ आणि सांडपाण्याने बिघडलेले होते. 1950 च्या दशकाच्या अखेरीस सांडपाणी वळवले, तरी दहा वर्षांत सुधारणा दिसेना. तेव्हा लुंड विद्यापीठातील सरोवरशास्त्रज्ञ स्वेन ब्यर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी गाळाचे थर तपासले. 1970 आणि 1971 या दोन वर्षांत दर वेळी अर्धा मीटर असा एकूण एक मीटर गाळ पंपाने ओढून काढला गेला. गाळातून निथळलेले पाणीही तसेच परत सोडले नाही. त्यातला फॉस्फरस आधी अ‍ॅल्युमिनियम सल्फेटने वेगळा केला. तळे सुधारले.

तेव्हा आपल्या गावच्या तळ्यासाठी सल्लागार नेमले जात असतील, तर नागरिक म्हणून आपण विचारावे: पाणी कोठून येते, तळाशी काय आणि किती साठले आहे, आणि उपसलेला गाळ कोठे जाणार? विद्यार्थ्यांना हे सहज दाखवता येईल. काचेच्या बरणीत तळ्यातला गाळ आणि पाणी घ्या, थोडा पाला घाला, झाकण सैल ठेवून बरणी काही आठवडे सावलीत ठेवा. वर पाणी स्वच्छ दिसेल, पण तळाचा गाळ हळूहळू काळा पडू लागेल. मग बरणी उघड्या हवेत नेऊन काडीने गाळ हलवा. येणारा वासच सारे सांगेल.