पाय मोकळे करण्याचा इतिहास

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि सनावळ्या एवढंच आपल्याला शाळेत शिकवलं. पायांचा इतिहास कुणी शिकवला नाही. वास्तविक पानिपतापर्यंत जे कोणी गेले ते स्वतःच्या नाहीतर घोड्याच्या पायांनीच गेले. त्यातून सायकल आणि माणसाचा पाय यांचे गेल्या दोनशे वर्षांतले संबंध म्हणजे तर एक लांबलेला संसारच आहे. कधी तुटलं, कधी जुळलं, कधी बांधून घातलं आणि शेवटी सोडचिठ्ठीची सोय झाली तेव्हा कुठे दोघं सुखाने नांदू लागले.

हा विषय माझ्या मागे लागला तो निवृत्तीनंतर, नेरूळला. आमच्या शेजारचा इंजिनियर मुलगा रविवारी पहाटे सायकल घेऊन पाम बीच रोडवर जातो. त्याने नवी पायडलं घेतली आणि जुनी माझ्या सायकलला बसवून दिली. वर बूटही दिले.

"काका, ही क्लिपलेस पायडलं."

"क्लिपलेस म्हणजे काय रे?"

"म्हणजे ज्याला क्लिप नसते ते."

"बरं. मग आता काय करायचं?"

"आता बूट क्लिप करायचे."

बिनखात्याच्या मंत्र्याला निदान खातं तरी नसतं. इथे क्लिप नाही म्हणायचं आणि पाय मात्र पायडलात गच्च अडकवायचा! बुटाच्या तळव्याला एक पट्टी स्क्रूने बसवलेली असते आणि पायडलात स्प्रिंगचा जबडा असतो. पट्टीचं पुढचं टोक जबड्यात सारून वरून दाब दिला की 'खट्ट' असा आवाज होतो आणि तुम्ही सायकलचे होता. सुटायचं असेल तर टाच बाहेरच्या बाजूला फिरवायची. पाय वर ओढून सुटत नाही, मागे ओढून सुटत नाही, देवाचं नाव घेऊन सुटत नाही. टाच फिरवायची.

"अहो, या वयात पाय कुठे अडकवून घेताय?" ही म्हणाली. प्रश्न रास्त होता, म्हणूनच मी उत्तरासाठी इतिहासाकडे वळलो.

मुळात सायकलला पायडल नव्हतंच. 1817 साली जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस याने दोन चाकांची लाकडी गाडी केली, तिच्यावर बसून जमिनीला पाय मारत पळायचं. म्हणजे पाय जमिनीवरच. पुढे 1860च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडलं लागली आणि माणसाचे पाय पहिल्यांदा जमिनीवरून उचलले गेले. मग जास्त वेगासाठी पुढचं चाक वाढत वाढत माणसाच्या छातीपर्यंत आलं. त्यावरून पडणं म्हणजे माडीवरून पडणं. अखेर 1885 साली इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली याने दोन्ही चाकं जवळजवळ सारखी केली, मागच्या चाकाला साखळी जोडली आणि पाय पुन्हा जमिनीला पोचू लागले. आपण सगळे शिकलो ती सायकल हिचीच नात.

आमच्या पनवेलला सायकल तासावर भाड्याने मिळे. ती नेहमी मोठ्या माणसांच्या मापाची असे, त्यामुळे नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकायचं. थोरला भाऊ कॅरिअर धरून मागे धावत असतो असं आपल्याला वाटत असतं, आणि तो कधीच हात सोडून शेंगदाणे खात उभा असतो. आमच्या वेळच्या सायकल-शिक्षणाचं एक वैशिष्ट्य होतं. चालवायची कशी हे दहाजण सांगत, उतरायचं कसं हे एकही जण सांगत नसे. उतरण्याचं काम भिंत, उकिरडा किंवा समोरून येणारी म्हैस यांच्यावर सोपवलेलं असे.

मुंबई-पुणे सायकल शर्यत 1945 पासूनची. ती पनवेलवरून जाई तेव्हा नाक्यावर उभं राहून आम्ही बघत असू. पुढे बोरघाट असल्यामुळे त्या पोरांकडे आम्ही रणांगणावर निघालेल्या शिलेदारांसारखं पाहत होतो. त्या काळी जगभरच्या शर्यतींत पायाला बांधण्याची सोय म्हणजे टो-क्लिप. पायडलाच्या पुढे बुटाचं टोक अडवणारा पिंजरा आणि पायावरून आवळायचा चामडी पट्टा. पट्टा घट्ट केला की पाय निसटत नसे आणि सुटतही नसे. थांबायच्या आधी खाली वाकून बक्कल सैल करावं लागे. घरी परतल्यावर पाय मोकळे करायला जातो म्हणावं, तर या लोकांना ते सायकलवरच करावं लागे.

पट्ट्याशिवाय पाय अडकवण्याची युक्ती तशी जुनीच. अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या चार्ल्स हॅन्सनने 1895 मध्ये तसं पेटंट घेतलं, आणि त्यातही पाय फिरवून अडकवायची नि सोडवायची सोय होती. पण जगाने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मग 1971 साली इटलीच्या चिनो चिनेलीने 'एम 71' नावाचं पायडल काढलं. नवी मुंबई वसवायला सिडको स्थापन झाली 17 मार्च 1970 रोजी, म्हणजे आमचं शहर नकाशावर रेखलं जात होतं तेव्हाची ही गोष्ट. या पायडलात बूट उत्तम बसे. सुटण्यासाठी मात्र वाकून हाताने खटका ओढावा लागे. पडता पडता खाली वाकून खटका शोधायचा म्हणजे बुडत्याने आधी अर्ज भरून द्यावा तशातला प्रकार. ते फारसं चाललं नाही यात नवल नाही.

कोडं सोडवलं ते सायकलवाल्यांनी नव्हे. 'लुक' ही फ्रान्समधली कंपनी बर्फावरच्या स्कीला बूट जखडण्याची साधनं बनवत होती. स्कीवर धरून ठेवण्याइतकंच सोडणंही मोलाचं. पडताना पट्टी सुटली नाही तर माणसाचा पाय मोडतो. ही माणसं वर्षानुवर्षं सोडण्याचा विचार करत होती. 1984 मध्ये त्यांनी तीच विद्या सायकलला लावली आणि हाताचं काम टाचेकडे आलं. दुसऱ्याच वर्षी, 1985 मध्ये, बर्नार हिनो याने ही पायडलं वापरून टूर द फ्रान्स पाचव्यांदा जिंकली. त्या शर्यतीत सेंत-एतिएनला तो पडला आणि त्याचं नाक मोडलं ही गोष्ट वेगळी. पायडलांनी पायांची हमी घेतली होती, नाकाची नव्हे. टो-क्लिपला निवृत्त करणारं हे पायडल म्हणून त्याचं नाव 'क्लिपलेस' पडलं. जुन्या सुनेच्या नावाने नव्या सुनेला ओळखावं तसं.

आता याचा फायदा काय? शेजारचा मुलगा सांगतो की पाय वर ओढतानाही जोर लागतो. पण जाणकार म्हणतात, हा वर ओढण्याचा लाभ लोक समजतात तेवढा नाही. खरा लाभ म्हणजे पाय एकाच जागी राहतो, खड्ड्यात, पावसात, दमल्यावरही घसरत नाही. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी 2015 साली अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे 4,800 किलोमीटरची 'रॅम' शर्यत जोडीने नऊ दिवसांच्या आत पुरी केली. 2017 मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने संपवली. एवढ्या वाटेवर पायाने दर मैलाला आपली जागा शोधत बसून भागत नाही.

मला रॅमला जायचं नव्हतं, बेलापूरला जायचं होतं. मुलाने मला मैदानातल्या गवतावर नेलं. "काका, तीनदा पडायचं असतं. सगळे पडतात. आणि वेगात असताना नाही, थांबल्यावर." खरंच तसं आहे. सायकल थांबते, पाय सवयीने जमिनीकडे निघतो आणि पायडल म्हणतं, कुठे निघालात? मग माणूस, सायकल आणि माणसाची प्रतिष्ठा असे तिघे जुन्या वाड्याच्या भिंतीसारखे सावकाश आडवे होतात. लागत काही नाही. फक्त बघणारे फार असतात. मी दोनदा पडलो, तिसरं पडणं माझ्या खात्यात अजून जमा आहे. त्या गवतावर एक नियम मात्र पाठ झाला. सिग्नल दिसला की टाच फिरवायची, सिग्नल आल्यावर नाही. पाय आधी सोडायचा, मग थांबायचं.

या नियमाने पायडलापासून सुटता येतं, रस्त्यापासून नाही. पाम बीच रोड वाशीहून बेलापूरकडे जातो, एका बाजूला खाडी आणि कांदळवन, रुंद, सरळ. अशा रस्त्यावर गाडीवाल्याच्या उजव्या पायालाही कोणीतरी खट्टकन अडकवल्यासारखं होतं, आणि तो पाय वेळेवर उचलला जात नाही. 28 फेब्रुवारी 2024 च्या पहाटे इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी इथेच, नेरूळजवळ, सायकलवर असताना मागून आलेल्या टॅक्सीने त्यांना धडक दिली आणि ते गेले. 68 वर्षांचे होते. जगभरच्या संगणकांत बसलेल्या चिप्सच्या रचनेत त्यांचा हात होता. त्या बातमीनंतर हिने माझ्या सायकलला मागे एकाऐवजी दोन लाल दिवे लावून घेतले आणि पुढचा विषय काढला नाही. दिवे लागल्याशिवाय मीही फाटकाबाहेर पडत नाही. बूट कितीही शास्त्रीय असोत, मागच्याचा ब्रेक आपल्या टाचेत नसतो.

परवा सिग्नलच्या शंभर पावलं आधीपासून मी टाच फिरवत होतो. शेजारून एक वॉचमनदादा रात्रपाळी संपवून जुन्या काळ्या सायकलवरून येत होते. पायात चपला, हँडलला डबा. सिग्नलला त्यांनी सहज एक पाय खाली टेकवला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "साहेब, पाय दुखतोय का?"

"नाही, सोडवतोय."

"मग बांधला कशाला?"

मी 1817 पासून सुरुवात करणार होतो. ड्राइसपर्यंत पोचलोही होतो. तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला आणि चपला पुढे निघून गेल्या. मी अजून पायडलाचा जबडा शोधत होतो.