गर्भपाताचा अधिकार (भारत)

नको असलेल्या गर्भापासून कायद्याच्या आश्रयाने व वैद्याच्या हातून निर्धोकपणे मुक्त होण्याचा स्त्रीचा अधिकार. मातेचा जीव वाचविण्यासाठी सद्‌हेतूने केलेला गर्भपात तेवढा वगळून १८६० च्या भारतीय दंडसंहितेने अन्य सर्व गर्भपात गुन्हा ठरविले व तीन वर्षांपर्यंत, गर्भाची हालचाल सुरू झाली असल्यास सात वर्षांपर्यंत, कैदेची तरतूद करून खुद्द गर्भवतीलाही शिक्षेस पात्र केले. पुनर्विवाहाची वाट रूढीने रोखलेल्या विधवांची यामुळे दोन्हीकडून कोंडी झाली. त्यांच्यासाठी फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले; आणि सुरतेच्या एका विधवेला बालहत्येबद्दल झालेल्या शिक्षेने क्षुब्ध झालेल्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषांच्या दुटप्पी न्यायाचा जाहीर जाब विचारला.

स्वातंत्र्योत्तर काळात, चोरून केलेल्या गर्भपातांत होणारी प्राणहानी ध्यानी घेऊन, महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ मध्ये केंद्र सरकारने समिती नेमली व तिच्या १९६६ च्या अहवालावरून वैद्यकीय गर्भपात अधिनियम, १९७१ संमत होऊन १ एप्रिल १९७२ पासून अंमलात आला. पतीच्या संमतीची अट त्याने घातली नाही, हे त्याचे मोठेपण; परंतु विशिष्ट कारणांसाठी २० आठवड्यांपर्यंत दिलेली ही मुभा स्त्रीचा हक्क म्हणून नव्हे, तर नोंदणीकृत वैद्याला शिक्षेपासून मिळालेले संरक्षण म्हणून होती, आणि संततिनियमनाची साधने निष्फळ ठरल्याचे कारणही विवाहितेपुरतेच राखून ठेवले होते.

पुढे स्त्रीसंघटनांना दुहेरी लढा द्यावा लागला: स्त्रीभ्रूणहत्या रोखण्यासाठी गर्भलिंगपरीक्षेवर बंदी मागावयाची आणि तिच्या निमित्ताने गर्भपाताची वाट बंद होऊ द्यावयाची नाही. मुंबईतील चळवळीमुळे महाराष्ट्राने १९८८ मध्ये अशा परीक्षांविरुद्ध देशातील पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. प्रजननविषयक निवड हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये मान्य केले. २०२१ च्या दुरुस्तीने काही वर्गांतील स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढविली व ‘पती’ऐवजी ‘जोडीदार’ हा शब्द योजिला; २९ सप्टेंबर २०२२ च्या निर्णयाने या वाढीव मुदतीचा लाभ अविवाहितांनाही दिला.

तथापि आजही स्त्रीची इच्छा एकटी पुरेशी नसून वैद्याचे अनुकूल मत अनिवार्य आहे. निदान गर्भाच्या आरंभीच्या आठवड्यांत तिचाच शब्द अखेरचा मानला जाईपर्यंत हा अधिकार अपूर्णच म्हटला पाहिजे.