वाया जाणारी वाफ आणि विद्यार्थी

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला आणि काही महिन्यांतच तेलाच्या किमती जवळजवळ चौपट झाल्या. मोठ्या कारखान्यांकडे तज्ज्ञ अभियंते होते. लहान कारखानदाराने कोणाला विचारावे? १९७६ साली तेथील सरकारने हे काम विद्यापीठांकडे सोपवले. प्राध्यापक आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी कारखान्यात जात, बॉयलरमधून बाहेर पडणाऱ्या धुराचे तापमान मोजत, वाफेच्या उघड्या नळ्या तपासत, दाबाखालील हवेची गळती शोधत आणि संभाव्य बचतीचा हिशेब मोफत मांडून देत. कारखानदाराला इंधन वाचवण्याची वाट सापडे, विद्यार्थ्यांना पुस्तकातले उष्णतावहन प्रत्यक्ष भेटे. आपणही वर्गात उष्णता शिकवतो; पण ती कोठे वाया जाते, हे मोजायला मुलांना कधी नेतो का?