कॅलेंडर नसलेलं चर्च आणि सण पाळणारं घर

साताऱ्या-सांगलीकडच्या ख्रिस्ती कुटुंबांवर प्रपोजल लिहायला बसलात, तर पहिलं वाक्य बहुतेक असं उतरेल : 'मिशनऱ्यांनी आपल्यासोबत नाताळ, लेंट आणि ईस्टर आणले.' हे वाक्य इतकं सरळ वाटतं की त्याला पुरावा लागतो हेच कुणाच्या लक्षात येत नाही. आज आपण तेवढं एकच वाक्य तपासू.

आधी बघा, इकडे आले कोण? साताऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं. या मिशनमागची संस्था बोस्टनची, १८१० मध्ये स्थापन झालेली, वळण काँग्रिगेशनल पंथाचं. सांगली-मिरज भागात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन होतं. डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये भारतात आले ते याच मिशनतर्फे, आणि त्यांचं मिरजेचं रुग्णालय १८९४ चं.

आता गंमत अशी, की हे दोन्ही पंथ सण न पाळणाऱ्यांच्या परंपरेतले. काँग्रिगेशनल लोकांचे पूर्वज प्युरिटन. त्यांच्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा केला तर पाच शिलिंग दंड होता! तिथे नाताळची कायदेशीर सुट्टी मिळाली ती १८५६ मध्ये. प्रेस्बिटेरियन परंपरा वाढली स्कॉटलंडमध्ये, आणि तिथे नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ पासूनची. यामागचा विचार साधा होता : ज्या दिवसाची आज्ञा बायबलमध्ये नाही, तो दिवस चर्चने पवित्र ठरवू नये. पवित्र दिवस एकच, रविवार, म्हणजे 'शब्बाथ'. काळ मोजायचा तो आठवड्याने. आगमनकाळ, मग नाताळ, मग लेंट, मग ईस्टर अशी वर्षाची साखळी त्यांच्या उपासनेत नव्हती.

अर्थात इथे थांबू नका. अमेरिकेतही एकोणिसाव्या शतकात हवा बदलत गेली आणि नाताळ घराघरांत शिरला. म्हणजे १८५० च्या सुमारास आलेला मिशनरी आणि १८९० नंतर आलेला मिशनरी यांचं बालपण वेगळं असू शकतं. 'मिशनरी' हा एकच गठ्ठा समजून लिहिलंत, तर व्हायवात पहिला प्रश्न इथेच येईल.

मग लहान मुलांच्या घरात हे सण आले कुठून? इथे तीन पुरावे हाताशी धरा.

पहिला पुरावा शब्दाचा. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज. गोवा आणि वसई या कॅथलिक किनारपट्टीवरून तो मराठीत रुळला. बोस्टनच्या मिशनमधून उभ्या राहिलेल्या मंडळीतलं मूलही 'नाताळ' म्हणतं, तेव्हा निदान त्या सणाचं नाव तरी बोस्टनहून आलेलं नाही.

दुसरा पुरावा स्वयंपाकघराचा. मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या, चकल्या, लाडू होतात, म्हणजे दिवाळीचाच फराळ. दारात चांदणी लागते, ती आकाशकंदिलाची बहीणच म्हणा. लहान मुलाला सण कळतो तो याच वाटेने : तळणीचा वास, नवे कपडे, शेजारी ताट पोचवायला जाणं.

तिसरा पुरावा शेजारच्या चर्चचा. महाबळेश्वर सातारा जिल्ह्यातलंच, आणि तिथे अँग्लिकन चर्च होतं, म्हणजे वर्षाचं पूर्ण कॅलेंडर पाळणारं. मिरज रेल्वेचं जंक्शन, त्यामुळे तिथे बाहेरची माणसं कायम येत-जात राहिली. त्यांच्याकडून काही उचललं गेलं का? हे मी गृहीतक म्हणून सांगतोय, निष्कर्ष म्हणून नाही. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि अँग्लिकन, काँग्रिगेशनल, प्रेस्बिटेरियन हे प्रवाह एका छताखाली आले. त्यामुळे एखाद्या आजी 'आमच्याकडे लेंट पूर्वीपासून' म्हणाल्या, की तुम्ही नम्रपणे विचारायचं : 'पूर्वीपासून' म्हणजे सत्तरच्या आधी की नंतर?

आर्काइव्हमध्ये हे सापडेल का? थोडंच. मिशनचे रिपोर्ट बाप्तिस्म्यांचे आकडे देतात, शाळा, दौरे, पगार देतात. मुलाला मांडीवर घेऊन गोष्ट सांगणारी आई त्यात सहसा नसते, कारण तो 'कामाचा' भाग धरला गेला नाही. म्हणून लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घराचा दस्तऐवज म्हणून वाचा. रेव्ह. टिळक आयुष्याच्या शेवटच्या काळात साताऱ्यात होते, आणि कीर्तन-भजनातून ख्रिस्ती उपासना मराठी करण्याचा त्यांचा ध्यास प्रसिद्ध आहे. पण वाचताना टिळकांवरची नजर जरा बाजूला करा. चूल कुणाची, मुलं कुठे, सणाला कोण आलं, या नोंदी वहीत वेगळ्या काढा.

मुलाखतीतले प्रश्नही बदला. 'तुम्ही लेंट पाळायचात का?' याला 'हो' असं उत्तर येतं आणि विषय संपतो. त्यापेक्षा विचारा : त्या दिवसांत घरात मटण व्हायचं का? लग्नं धरायचे का? तुम्ही सात वर्षांच्या असताना तुम्हाला काय सोडायला सांगायचे? ईस्टरला पहाटे कोण उठवायचं?

आणि 'जुनी परंपरा' हे शब्द जपून वापरा. आगमनकाळात मेणबत्त्या लावायचं वर्तुळ पुष्कळांना फार प्राचीन वाटतं. ते योहान विखर्न यांनी १८३९ मध्ये हॅम्बुर्गच्या अनाथ-गरीब मुलांच्या आश्रमात सुरू केलं, कारण नाताळला किती दिवस उरले हे मुलं सारखी विचारायची. मुलांसाठी परंपरा नव्याने घडते, हे साताऱ्यातही खरं असू शकतं आणि हॅम्बुर्गमध्येही.

हा सगळा खटाटोप कशासाठी? 'मिशनऱ्यांनी आणले' एवढं लिहून सोडलंत, तर इथलं ख्रिस्ती घर नकलेचं घर ठरतं आणि त्यातल्या बायका इतिहासातून गळतात. पुरावा मात्र वेगळं सुचवतो : चर्चने वर्षाचं कॅलेंडर दिलं नव्हतं, तिथेही घरांनी जमेल तिथून शब्द, पदार्थ आणि दिवस गोळा करून मुलांसाठी वर्ष उभं केलं असावं. हे 'असावं' तुम्हाला 'होतं' करायचं असेल, तर ऐंशी-नव्वदीतल्या आज्यांच्या मुलाखती आधी घ्या. रिपोर्ट बोस्टनजवळ हार्वर्डच्या हाउटन ग्रंथालयात जपलेले आहेत, ते पुढच्या वर्षीही तिथेच असतील.