बोहल्यामागची भिंत

वाईच्या गणपती घाटावर फोटो काढून घेणाऱ्या बहुतेक जोडप्यांना ठाऊक नसतं, की आपल्या पाठीमागचं देऊळसुद्धा एका लग्नाची मिळकत आहे.

ते लग्न झालं १७३० साली. नवरी गोपिकाबाई, वाईच्या सावकार रास्त्यांची मुलगी. नवरा बाळाजी, थोरल्या बाजीरावांचा मुलगा, म्हणजे पुढचे नानासाहेब पेशवे. नवरदेवाचं वय दहाच्या आसपास, नवरी त्याहून लहान. दहा वर्षांनी जावई पेशवा झाला आणि सावकाराचं घर सरदारांचं झालं. पैसा आला, मान आला, आणि रास्त्यांनी तो वाईत कृष्णेच्या काठावर दगडात ओतला. घाट, काशीविश्वेश्वर, आणि १७६२ साली गोपिकाबाईंचे भाऊ गणपतराव यांनी बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ. या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचं पाणी तिच्यावर आपटतं, दुभंगतं आणि दोन्ही बाजूंनी निघून जातं. अडीचशेहून अधिक पावसाळे तिनं असेच झेललेत.

आता १७६२ या सालाकडे जरा थांबून बघा. आदल्याच वर्षी, जानेवारीत, गोपिकाबाईंचा थोरला मुलगा विश्वासराव पानिपतावर पडला. जूनमध्ये नानासाहेब गेले. ज्या लग्नानं माहेराला हे सगळं दिलं, ते लग्न देवळाच्या कळसाआधीच संपलं होतं. गोपिकाबाई पुढे पुण्याचा दरबार सोडून नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या.

मी लग्नाचे फोटो काढतो. गेल्या वैशाखात वाईतलं एक लग्न होतं आणि मुलीकडच्यांना ते ‘तीन लोकेशन’वर हवं होतं. सकाळी मेणवलीचा घाट आणि वाडा, दुपारी गावातल्या मंगल कार्यालयात मुहूर्त, संध्याकाळी गणपती घाट. तीन दिवस आधी जाऊन मी जागा बघून आलो. उजेड कुठून येतो, सावली किती वाजता सरकते, हे बघताना भिंतीही बघाव्याच लागतात, आणि भिंती बघायला लागलं की त्या कुणी बांधल्या हा प्रश्न येतोच.

उन्हाळ्यातली लग्नं ही फोटोग्राफरची परीक्षा असते. चातुर्मासात लग्न लावत नाहीत, शेताला वैशाखात उसंत असते, शाळांना सुट्टी असते, म्हणून सगळं गाव मे महिन्यातच बोहल्यावर चढतं. त्यात मुहूर्त भर दुपारचा निघाला की ऊन थेट डोक्यावर, डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या, आणि मुंडावळ्यांची सावली नाकावर रेघ ओढते. गोरज मुहूर्त निघाला तर मी पत्रिकेलाच नमस्कार करतो. गाई घरी परतायची वेळ म्हणजे कॅमेऱ्यासाठी सगळ्यात मऊ उजेडाची वेळ. आजची मुलं तिला गोल्डन अवर म्हणतात.

पूर्वी हा मुहूर्त घटिकापात्रावर धरत. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यात सोडायची; ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटं. लहान ड्रोनची एक बॅटरीही साधारण तेवढीच चालते. आमचा ड्रोनवाला पोरगा ‘दादा, संपत आली’ असं ओरडतो तेव्हा मला दरवेळी ती बुडणारी वाटी आठवते.

मेणवली वाईपासून तीनेक किलोमीटरवर. नाना फडणवीसांचं गाव. सहा चौकांचा वाडा, मागच्या बाजूनं नदीकडे उतरणारा घाट, मेणेश्वराचं देऊळ, आणि घाटावर टांगलेली ती अवाढव्य घंटा. ‘स्वदेस’ पाहिला असेल तर हा घाट तुम्ही पाहिलाय. घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हा आकडा आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ साली पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, त्या लुटीतली ही चर्चची घंटा. प्री-वेडिंगला आलेली जोडपी हिच्याखाली उभी राहतात. खरं सांगायचं तर फोटो छान येतो. घंटा इतकी मोठी, की माणसं आपोआप जवळ येतात.

घाटाचा दगड काळा आहे, आणि नवरीचा शालू पिवळा, नवऱ्याचं सोवळं लाल. उघड्या उन्हात दगड सांभाळावा तर कपडे जळतात, कपडे सांभाळावेत तर पायऱ्या नुसता काळा डाग होतात. म्हणून घाट सकाळी आठच्या आत उरकायचा आणि ऊन चढलं की वाड्यात शिरायचं. चौक ही फोटोसाठी जगातली उत्तम जागा आहे, असं माझं ठाम मत आहे. ऊन वरून येतं, समोरच्या भिंतीवर आपटतं आणि ओसरीत मऊ होऊन पोचतं. लाकडी खांबाला टेकून बसलेल्या माणसाच्या एका गालावर उजेड, दुसऱ्यावर सावली. हजारो रुपयांचे दिवे लावून आम्ही स्टुडिओत हेच करू बघतो. वाड्याच्या भिंतींवर जुनी चित्रं आहेत. तिथं फ्लॅश मारायचा नाही, टेकायचं नाही, हळदीचे हात लावायचे नाहीत, रंगीत धुराच्या नळ्या तर मुळीच नाहीत. हे मी गाडीतच बजावून ठेवतो. कुणीतरी हिरमुसतं, मग विसरतं.

याच वाड्यात जिऊबाई राहिल्या.

नानांनी एकूण नऊ लग्नं केली. मार्च १८०० मध्ये ते वारले तेव्हा त्यांची शेवटची बायको जिऊबाई जेमतेम नऊ-दहा वर्षांची होती. आज त्या वयाची मुलगी लग्नात करवली म्हणून मिरवते आणि आमच्या लेन्ससमोर नाक वेडावते. जिऊबाईच्या वाट्याला मात्र राज्यातल्या सगळ्यात वजनदार माणसाचं वैधव्य आलं, आणि त्याच्या संपत्तीवर डोळा ठेवून असलेला दुसरा बाजीराव. ती लोहगडावर होती, तो गड नानांच्या विश्वासातल्या माणसानं धरून ठेवला होता. १८०३-०४च्या सुमारास जनरल वेलस्लीनं तिच्या सुरक्षिततेची हमी घेतली, वर्षाला बारा हजारांचं पेन्शन ठरलं आणि ती पनवेलला आली. पेशवाई बुडाल्यावर मेणवली तिला परत मिळाली. मुलगा दत्तक घेतला, वाडा सांभाळला. १८५४ साली ती गेली. अर्धशतकाहून जास्त काळ ती विधवा होती, आणि आज नवऱ्या जिथं पदर सावरत उभ्या राहतात ते अंगण तिचं होतं.

ती गेली त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. पुढच्या वर्षी एल्फिन्स्टनमध्ये फोटोग्राफीचा वर्गही निघाला. जिऊबाईचा चेहरा कॅमेऱ्यापासून असा थोडक्यात निसटला.

पण समजा ती आणखी वीस वर्षं जगली असती, तरी लग्नाच्या फोटोत आली असती का? जुन्या घरांच्या ट्रंकांमधले फोटो काढून बघा. ते लग्नमंडपातले नसतातच मुळी. लग्नानंतर कधीतरी जोडपं स्टुडिओत जायचं. नवरा खुर्चीवर, बायको शेजारी उभी, तिचा हात कुठं ठेवायचा हे कुणालाच न कळलेलं. काच संथपणे उजेड घ्यायची म्हणून हलायचं नाही, हसायचं नाही. मागे रंगवलेला पडदा, त्यावर खांब, जिना, कठडा, झाडांच्या कुंड्या. घरची विधवा आजी त्या फोटोत नाही. केशवपन झालेल्या बाईनं मंगल प्रसंगी समोर येऊ नये ही रीत स्टुडिओच्या दारापर्यंत तिच्याबरोबर आली होती. अनेक घरांतल्या सधवाही परक्या पुरुषासमोर बसायला तयार नसत. राजा दीनदयाळांनी १८९२ साली हैदराबादला बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तिथं कॅमेरा बाईच्याच हाती दिला, तो याच अडचणीमुळे.

त्या रंगवलेल्या पडद्यांकडे मी कामाच्या नजरेनं खूप बघतो. आपल्याकडे नसलेला वाडा, नसलेला घाट कापडावर आणायचा आणि त्याच्यासमोर उभं राहायचं. आज आपण खऱ्या वाड्यात जातो आणि त्याचाच पडदा करतो. लेन्सचं तोंड उघडलं की मागचं सगळं धूसर होतं, घंटेवरची मेरी एक सोनेरी ठिपका होते, भिंतीवरचं चित्र नुसता लालसर रंग. सुंदर दिसतं, मीही करतो, त्याचे पैसे मिळतात. फक्त प्रत्येक जागी निदान पाच-सहा फोटो मी मागची भिंत स्पष्ट ठेवून काढतो. पडझड, डागडुजी, नवा रंग, नदीचं पाणी किती वर होतं, हे सगळं त्यात येतं. सरकारी दप्तरात एखाद्या वाड्याचे दोन-चार फोटो असतील. लग्नाच्या हार्ड डिस्कवर त्याच वाड्याचा दरवर्षीचा चेहरा पडून आहे, आणि तो शोधायला कुणी येत नाही.

तर त्या वैशाखातलं लग्न. वाड्याच्या चौकात घरच्यांचा ग्रुप फोटो लावत होतो. मामा, काका, आत्या, पोरंसोरं सगळी ओसरीवर बसवली. नवरीची आजी मात्र मागच्या खांबाआड उभी होती. साधं लुगडं, कपाळ मोकळं. ‘मी नंतर येते, आधी तुमचं होऊ द्या,’ म्हणाली. असं म्हणणाऱ्या आज्या मला दर लग्नात भेटतात. कुणी त्यांना अडवत नाही, त्या आपणहूनच मागे थांबतात.

नवरीनं शालूचा घोळ उचलला, ओसरीवरून उतरली आणि आजीला हाताला धरून आणलं. ‘आजी, तू मधे बस. मी खाली बसते.’ आजी ‘अगं, शालू मळेल’ म्हणेपर्यंत ती तिच्या पायांशी फरशीवर बसलीही होती.

लेन्सचं तोंड मी लहान केलं. आजी, नवरी, खांब, मागची भिंत आणि आतल्या चौकाकडे जाणारा उघडा दरवाजा, सगळं स्वच्छ आलं. अल्बमसाठी फोटो निवडताना त्यांनी घाटावरचे आणि घंटेखालचे घेतले. हा फोटो आजीनं वेगळा मागवला, मोठा, फ्रेम करून. ‘कडेनं कापू नको हो,’ तिनं फोनवर दोनदा बजावलं, ‘तो दरवाजा पुरा येऊ दे.’